नौकेचा वेग आणि तत्काळ प्रत्याभरण

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील सानगडी हे किल्ल्याचे गाव. या गावाच्या आसपास कोणत्याही दिशेने निघाले, तरी थोड्याच अंतरावर एखादा तलाव लागतो. शिवनीबांधसारखे मोठे जलाशय याच तालुक्यात आहेत. त्याखेरीज गावोगावी माजी मालगुजारी, म्हणजेच लोकांच्या बोलीतील ‘मामा’ तलाव आहेत. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेल्या तलावांवर या भागातील धानाची शेती पिढ्यान्‌पिढ्या पोसली गेली. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तरी ‘तलावांचा जिल्हा’ ही भंडाऱ्याची ओळख कायम राहिली आहे.

या तलावांवर पहाटे जाळे टाकावयास निघालेल्या ढिवर बांधवाला डोंगा चालविताना पाहावे. त्याच्याजवळ वेग मोजण्याचे कोणतेही साधन नसते. तरीही डोंगा एका बाजूस कलला की तो अंग सावरतो. वल्हे उथळ पडले की हाताला हलके लागते आणि पुढचा हात आपोआप खोल जातो. पाणी त्याला प्रत्येक क्षणी काही सांगत असते, तो ते ऐकतो आणि आपली हालचाल सुधारतो. केलेल्या कृतीचा परिणाम कर्त्याला परत कळणे यालाच शास्त्रीय परिभाषेत ‘प्रत्याभरण’ म्हणतात. कृती चालू असतानाच तो कळला, तर ते ‘तत्काळ प्रत्याभरण’ होय.

शर्यतीच्या नौकानयनात, ज्याला आपण रोईंग म्हणतो, हेच काम आता संवेदक, त्वरणमापक आणि छोटे संगणक करू लागले आहेत. ही साधने नेमके काय मोजतात, त्यांनी वल्हेकऱ्याचे तंत्र कसे सुधारते आणि त्यांचा उपयोग कोठवर करावा, याचा विचार या लेखात केला आहे. ज्या जिल्ह्यात पाण्याला तोटा नाही, तेथील तरुणांना व शिक्षकांना हा विषय जवळचा वाटावा.

दुष्काळी तालुक्यातून ऑलिंपिकपर्यंत

महाराष्ट्रातील नौकानयनाची परंपरा मुख्यतः पुण्याशी निगडित आहे. तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब अनेक दशके मुठा नदीवर विद्यार्थ्यांना वल्हे हाती देत आला आहे. सैन्यदलाचे नौकानयन प्रशिक्षणही पुण्यातच चालते. याच सैन्यदलातून महाराष्ट्राला दत्तू बबन भोकनळ हे खेळाडू लाभले. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यातले तळेगाव रोही हे त्यांचे गाव. हा तालुका पाणीटंचाईसाठी प्रसिद्ध आहे. घरच्या परिस्थितीमुळे त्यांनी विहिरी खोदण्याची कामेही केली. २०१२ मध्ये ते सैन्यात दाखल झाले आणि त्यानंतरच शर्यतीची नौका त्यांच्या आयुष्यात आली.

चारच वर्षांनी, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये, एकेरी स्कल प्रकारात ते भारताचे प्रतिनिधी होते. तेथे त्यांनी तेरावे स्थान मिळविले. २०१८ मध्ये इंडोनेशियात झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यांची एकेरी शर्यत प्रकृतीच्या कारणाने फसली. परंतु दुसऱ्याच दिवशी स्वर्णसिंग, ओमप्रकाश आणि सुखमीतसिंग यांच्यासह चौघांच्या स्कल शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. २०२० चा अर्जुन पुरस्कारही त्यांना प्राप्त झाला.

या उदाहरणातून दोन गोष्टी लक्षात येतात. एक म्हणजे, नौकानयन हा लहानपणापासूनच शिकला पाहिजे असा खेळ नाही. उंची, दमसास आणि चिकाटी असलेला तरुण विशीनंतरही त्यात प्रावीण्य मिळवू शकतो. दुसरी म्हणजे, उशिरा सुरुवात करणाऱ्याजवळ वेळ थोडा असतो. त्याला आपली चूक लवकर आणि नेमकी कळणे अत्यावश्यक असते. तत्काळ प्रत्याभरणाचे महत्त्व येथेच आहे.

एका वल्ह्याच्या आवर्तनात काय घडते?

ऑलिंपिक शर्यतीचे अंतर २००० मीटर असते. एकेरी नौकेतील उत्तम पुरुष खेळाडू ते सुमारे ७ मिनिटांत कापतो. मिनिटाला साधारण ३२ या गतीने त्याला २२० हून अधिक वेळा वल्ही मारावी लागतात. म्हणजे प्रत्येक आवर्तनाला दोन सेकंदांहूनही कमी वेळ मिळतो.

या अल्प वेळात चार क्रिया होतात. वल्ह्याचे पाते पाण्यात उतरते, ती ‘पकड’. पाय, पाठ आणि हात या क्रमाने जोर लावून वल्हे ओढले जाते, ती ‘ओढ’. पाते पाण्याबाहेर निघते, ती ‘सुटका’. नंतर सरकत्या आसनावरून खेळाडू पुन्हा पायांकडे येतो, ती ‘परती’. खेळाडूची पाठ नौकेच्या जाण्याच्या दिशेकडे असते. त्यामुळे पुढे काय आहे ते त्याला दिसत नाही आणि आपले पाते पाण्यात नेमके केव्हा शिरले हेही स्वतःच्या डोळ्यांनी नीट पाहता येत नाही.

आता वजनांचा हिशेब पाहू. शर्यतीच्या एकेरी नौकेचे किमान वजन १४ किलो ठरविलेले आहे. खेळाडू मात्र ८०-९० किलोंचा असतो. म्हणजे या जोडीत खेळाडू हाच खरा भार, आणि तो भार प्रत्येक आवर्तनात आसनावरून मागे-पुढे सरकत असतो. परतीच्या वेळी तो नौकेच्या मागच्या टोकाकडे सरकला की हलकी नौका त्याच्या खालून पुढे झेपावते. उलट पकडीच्या क्षणी, पाते पाण्याला पुरेसे टेकण्याआधीच त्याने पायांनी रेटा दिला, तर तो रेटा नौकेलाच मागे ढकलतो. म्हणून नौकेचा वेग कधीच एकसारखा नसतो. पकडीनंतर लगेच तो सर्वांत कमी असतो आणि परतीच्या काळात सर्वांत अधिक.

वेगातील या चढउताराची किंमत मोजावी लागते. पाण्याचा विरोध साधारणतः वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याला तोंड देण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. म्हणजे वेग वाढताना जी शक्ती जास्तीची खर्च होते, ती वेग कमी असताना भरून निघत नाही. समजा, नौकेचा वेग सरासरीपेक्षा २० टक्के वर आणि २० टक्के खाली असा सारखा झुलत राहिला, तर तीच सरासरी राखण्यासाठी सुमारे ६ टक्के अधिक शक्ती लागते. ही ६ टक्के शक्ती वाचविता आली, तर वेग सुमारे २ टक्क्यांनी वाढेल आणि २००० मीटरच्या शर्यतीत ४० मीटरांचा फरक पडेल. अर्थात चढउतार पूर्णपणे नाहीसा होणे शक्य नाही. परंतु त्यामुळे होणाऱ्या अपव्ययाचा चौथा भाग जरी वाचला, तरी १० मीटर पदरात पडतात. एकेरी नौकेची लांबीच सुमारे ८ मीटर असते. अनेक शर्यतींचा निकाल याहून कमी अंतराने लागतो.

हा अपव्यय बळाच्या अभावी होत नसून क्रियेची वेळ चुकल्यामुळे होतो, ही ध्यानात ठेवण्याची गोष्ट आहे. सेकंदाच्या दहाव्या भागाएवढी चूक काठावरून पाहणाऱ्या अनुभवी प्रशिक्षकाच्या नजरेतूनही निसटू शकते. ती पकडण्यासाठी यंत्राची मदत होते.

मोजणारी साधने

सर्वांत परिचित साधन म्हणजे व्यायामशाळेतील वल्हवण्याचे यंत्र, अर्थात अर्गोमीटर. आज सर्वत्र आढळणारा हवेच्या पंख्याचा प्रकार १९८१ च्या सुमारास अमेरिकेत तयार झाला. प्रत्येक ओढीनंतर ‘याच गतीने ५०० मीटरला किती वेळ लागेल’ हा आकडा त्याच्या पडद्यावर उमटतो. हा आकडा मोठा बोलका आहे. ५०० मीटरला २ मिनिटे ही गती राखण्यास सुमारे २०० वॅट शक्ती लागते, तर १ मिनिट ५० सेकंदांसाठी सुमारे २६० वॅट. केवळ १० सेकंद वाचविण्यासाठी जवळपास ३० टक्के अधिक शक्ती द्यावी लागते. सुरुवातीलाच सर्व जोर खर्च करणाऱ्या नवशिक्याला हा आकडा दोन दिवसांत शहाणे करतो. कित्येक यंत्रांवर बलाचा आलेखही दिसतो. पायांचा जोर संपल्यावर पाठ उशिरा आली, तर त्या आलेखाला मध्येच खळगा पडतो. क्रम साधला, तर तो टेकडीसारखा सलग उठतो आणि उतरतो.

परंतु अर्गोमीटर जमिनीवर स्थिर असतो. त्यावर खेळाडू हलतो आणि यंत्र जागच्या जागी राहते. पाण्यावर मात्र खेळाडूखालची नौकाच सरकते, शिवाय तोल सांभाळावा लागतो. म्हणून खरी परीक्षा पाण्यावरच होते. वल्हे ज्या आधारात फिरते, त्या कडीत बसविलेले संवेदक वल्ह्यावरील बल आणि त्याचा कोन मोजतात. निष्णात स्कल खेळाडूचे वल्हे एका ओढीत १०० ते ११० अंशांचा पल्ला घेते. त्यातील पहिले काही अंश पाते पाण्याला टेकण्यापूर्वीच वाया गेले, तर ते आलेखात लगेच दिसते. नौकेच्या तळाशी बसविलेला त्वरणमापक दर क्षणी नौकेला मिळणारी गती वा बसणारा खीळ टिपतो. उपग्रहाच्या साहाय्याने वेग व अंतर मोजणारे छोटे यंत्र खेळाडूच्या पायांजवळ बसविता येते.

चौघांच्या वा आठांच्या नौकेत या मोजणीचा आणखी एक उपयोग होतो. प्रत्येकाचा बलाचा आलेख एकावर एक ठेवला की कोण आधी ओढतो, कोण मागे राहतो, हे वादाशिवाय ठरते. ‘तुझ्यामुळे नौका अडखळली’ असे एकमेकांस म्हणण्याची वेळ येत नाही.

डोळ्यांपेक्षा कान

ही माहिती खेळाडूपर्यंत कशी पोहोचवावी, हा प्रश्न वरकरणी वाटतो तेवढा सोपा नाही. पडद्यावरील आकड्यांकडे पाहावयाचे म्हटले, तर मान खाली जाते, पाठ वाकते आणि जे सुधारावयाचे तेच बिघडते. म्हणून संशोधकांनी ध्वनीचा मार्ग पाहिला. जर्मनीतील हॅम्बुर्ग विद्यापीठातील नीना शाफर्ट आणि क्लाउस माटेस यांनी नौकेच्या त्वरणाचे स्वरांत रूपांतर करणारी पद्धत तयार केली. नौकेला गती मिळाली की स्वर चढतो, खीळ बसली की उतरतो. प्रत्येक आवर्तनाची जणू एक चाल तयार होते. हा स्वर ऐकत वल्हवताना नौकेचा सरासरी वेग वाढल्याचे त्यांच्या प्रयोगांत आढळून आले.

संगीताचे शिक्षण घेतलेल्यास यात नवल वाटणार नाही. तबल्याच्या साथीला गाणारा गायक मात्रा मोजत बसत नाही, तर समेची जाण त्याच्या कानात असते. वल्हवणे ही लयीची क्रिया आहे आणि लय डोळ्यांपेक्षा कानाला लवकर कळते. नौकेतील सर्वांना तोच स्वर एकाच वेळी ऐकू येतो, हा त्याचा आणखी एक लाभ होय.

स्वित्झर्लंडमधील झुरिच येथील तंत्रविद्यापीठात वल्हवण्याचा आभासी अनुभव देणारे यंत्र उभारून दृश्य, ध्वनी आणि स्पर्श या तीनही मार्गांनी मिळणाऱ्या प्रत्याभरणाची तुलना करण्यात आली. गुंतागुंतीची क्रिया शिकताना, विशेषतः प्रारंभीच्या काळात, तत्काळ प्रत्याभरण उपयोगी पडते, असे अशा अभ्यासांतून दिसून येते. मात्र त्याबरोबरच एक धोकाही स्पष्ट झाला आहे.

कुबडी होऊ नये

१९८४ मध्ये साल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर या मानसशास्त्रज्ञांनी हालचाली शिकण्याच्या प्रक्रियेवरील तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. त्यांचे प्रतिपादन असे, की शिकणाऱ्याला प्रत्येक वेळी बाहेरून उत्तर मिळत राहिले, तर सराव चालू असताना त्याची कामगिरी चांगली दिसते, पण ते उत्तर काढून घेताच ती घसरते. कारण तो स्वतःच्या स्नायूंकडून, सांध्यांकडून आणि तोलाच्या जाणिवेतून येणारे उत्तर ऐकण्याचे सोडून देतो.

नौकानयनात ही बाब विशेष महत्त्वाची आहे. शर्यत चालू असताना काठावरून विद्युत्‌साधनांद्वारे खेळाडूला सूचना देण्यास आंतरराष्ट्रीय नियमांनी बंदी आहे. त्या सात मिनिटांत प्रशिक्षकाचा आवाज सोबतीला नसतो. तेथे सोबत येते ती सरावात अंगी मुरलेली जाणीवच. म्हणून प्रत्याभरणाचे यश यंत्र बंद केल्यानंतर खेळाडू कसा वल्हवतो यावरूनच ठरवावे.

यासाठी प्रशिक्षकांनी काही साधे नियम पाळणे हितावह ठरेल. एका वेळी एकच गोष्ट दाखवावी. आज पकड, तर आज केवळ पकडच. २० आवर्तने यंत्राच्या साहाय्याने झाली की पुढील २० यंत्राविना करावीत आणि हळूहळू यंत्राविना होणारी आवर्तने वाढवावीत. आकडा सांगण्यापूर्वी खेळाडूलाच विचारावे, ‘आत्ताची ओढ कशी झाली असे तुला वाटते?’ त्याने अंदाज बांधावा आणि नंतर यंत्राशी ताडून पाहावा. अंदाज आणि आकडा जवळ येऊ लागले, म्हणजे शिक्षण होत आहे असे समजावे.

आकड्यांचा मोहही आवरावा लागतो. वल्ह्यावरील बल वाढले म्हणजे नौकेचा वेग वाढलाच असे नव्हे. दांडगाईने ओढलेले वल्हे आलेखात उंच शिखर दाखवील आणि नौका मात्र अडखळेल. अंतिम साक्ष नौकेच्या वेगाची. तोही वाऱ्याने आणि लाटांनी बदलतो. म्हणून एकाच पट्ट्यातून जाता-येता दोन्ही दिशांनी मोजून सरासरी घेणे योग्य.

कमी खर्चात काय करता येईल?

कडीतील संवेदकांसारखी साधने महाग आहेत आणि शर्यतीची नौकाही. आमच्या वाचकांपैकी अनेकांनी ती प्रत्यक्ष पाहिलीही नसेल. तथापि प्रत्याभरणाचे तत्त्व महागड्या यंत्रात बंदिस्त नाही. आज अनेकांच्या हाती असलेल्या स्मार्टफोनमध्ये त्वरणमापक आणि उपग्रहाधारित स्थाननिश्चिती या दोन्ही सोयी असतात. जलरोधक पिशवीत घालून तो नौकेच्या मध्यरेषेवर घट्ट बांधला, तर मिनिटाला किती आवर्तने झाली आणि त्वरणाचा आलेख कसा उमटला, हे टिपता येते. त्यावरील स्थाननिश्चितीत काही मीटरांची चूक संभवते. त्यामुळे एका आवर्तनाचा वेग त्यावरून ठरवू नये. ५०० मीटरांची सरासरी मात्र उपयोगी पडते. काठावरून बाजूने घेतलेले चलचित्र सावकाश फिरवून पाहिले, तर पाते पाण्यात शिरण्यास होणारा विलंब खेळाडूला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो.

त्याहून स्वस्त साधने तर पाणीच पुरविते. पाते पाण्याबाहेर निघाले की मागे एक भोवरा राहतो. एका ओढीचा भोवरा आणि पुढल्या ओढीचा भोवरा यांतील अंतर वाढले, तर नौका अधिक धावली. पाते स्वच्छ निघाले, तर भोवरा घट्ट व खोल असतो, आणि ओढताना पाते वर सरकले, तर नुसता फेस उठतो. परतीच्या वेळी नौकेच्या तळाखालून बुडबुड्यांचा खळखळाट ऐकू येतो. तो अखंड राहिला, तर नौका सलग धावत आहे. मध्येच तुटला, तर खेळाडू आसनावरून घाईने सरकला. पाठ प्रवासाच्या दिशेकडे असल्यामुळे वल्हेकऱ्याची नजर स्वभावतःच मागच्या पाण्यावर असते. ते वाचावयास शिकविणे हे प्रशिक्षकाचे पहिले काम होय.

तलावांच्या जिल्ह्यापुढील प्रश्न

तळेगाव रोहीसारख्या टंचाईग्रस्त भागातील तरुण ऑलिंपिकच्या पाण्यात उतरू शकतो, तर सानगडी, शिवनीबांध वा नवेगाव बांधच्या परिसरातील मुलांनी का उतरू नये, हा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. येथील ढिवर समाजाच्या मुलांना पाण्याची आणि तोलाची जाण घरातच मिळते. बाहेरच्या मुलाला जी जाणीव यंत्राच्या साहाय्याने कमवावी लागते, तिचा काही भाग त्यांच्या अंगी आधीच असतो. त्यांच्या या ज्ञानाला खेळाच्या मैदानातही मान मिळावयास हवा.

तरी उत्साहाच्या भरात काही गोष्टी विसरून चालणार नाहीत. हे तलाव प्रथम सिंचनाचे आणि मासेमारीचे आहेत. मच्छीमारांची जाळी, धानाला सोडावयाचे पाणी आणि उन्हाळ्यात खाली जाणारी पातळी यांचा विचार करून, संबंधितांच्या संमतीनेच सरावाची जागा व वेळ ठरवावी लागेल. २००० मीटरचा सरळ पट्टा सर्वत्र मिळणार नाही, पण तंत्र शिकण्यास ५०० मीटरही पुरतात. गाळ, बुंधे आणि पाणवनस्पती असलेला भाग टाळला पाहिजे. पोहता न येणाऱ्या मुलाला नौकेत बसवू नये, अंगावर जीवरक्षक जाकीट असल्याशिवाय काठ सोडू देऊ नये आणि सोबत बचावाची नाव असल्याशिवाय सराव सुरू करू नये. कोणत्याही पदकापेक्षा एका मुलाचा जीव मोलाचा आहे.

या अटी पाळून, एखाद्या शाळेने वा महाविद्यालयाने एक अर्गोमीटर, एक साधी स्थिर सराव-नौका आणि एक जाणता प्रशिक्षक एवढ्यावरही प्रारंभ करावयास हरकत नाही. संवेदक आणि संगणक मागाहून येतील. ते आले, तरी त्यांचे काम मर्यादितच राहील. पाणी जे सांगते ते नवशिक्याला ऐकू येईपर्यंत मोठ्याने सांगावे, आणि ऐकू येऊ लागले की गप्प बसावे. पहाटेच्या तलावावर डोंगा चालविणाऱ्याला ते यंत्राविनाच ऐकू येते. शर्यतीतील वल्हेकऱ्याने शेवटी तेथवरच पोहोचावयाचे असते.